पहाटेचा लुळेपणा : अतिअवटुता, पोटॅशिअम आणि बीजगत प्रवृत्ती

तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण. अंगकाठी सडपातळ, पण भूक दांडगी. वैशाखातले दिवस, आदल्या दिवशी घरात कार्य होते, पंगतीत आमरस-पुरीवर मनसोक्त ताव मारला आणि दिवसभराच्या धावपळीने थकून रात्री अंग टाकले. पहाटे उठू लागला तो पाय हलेचनात. शुद्ध पूर्ण आहे, बोलणे स्पष्ट आहे, पायांना स्पर्श कळतो, मलमूत्राचा अवरोध नाही. परंतु मांड्यांत बळ म्हणून उरलेले नाही. घरातील मंडळी घाबरी होतात. कोणी 'वारे गेले' म्हणते, कोणी तेल गरम करावयास घेते, कोणी ग्लुकोजचे पाणी पाजते. दुपारपर्यंत तरुण उठून बसतो, सायंकाळी चालू लागतो, आणि ज्याने जो उपचार केला त्यास त्याचे श्रेय मिळते.

हे चित्र एखाद्या विशिष्ट रुग्णाचे नाही. जगभरच्या रुग्णवृत्तांतून पुन्हापुन्हा आढळणाऱ्या एका व्याधीचे ते नमुनेदार रूप आहे. थायरॉईड, म्हणजेच अवटु ग्रंथी, अतिक्रियाशील झाली असता काही व्यक्तींत रक्तातील पोटॅशिअम एकाएकी घसरून स्नायू लुळे पडतात. आधुनिक वैद्यकात यास थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरालिसिस म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास 'अतिअवटुतेतील आवर्ती लुळेपणा' असे म्हणू. हा लुळेपणा बहुधा काही तासांत, क्वचित एकदोन दिवसांत, आपोआप उतरतो. त्याचे आपोआप उतरणे हीच चिकित्सकाची सर्वांत मोठी फसगत होय. कारण निदान न होताच रुग्ण बरा झालेला दिसतो, आणि पुढील झटका कदाचित हृदयाची लय बिघडविणारा किंवा श्वसनाचे स्नायू ग्रासणारा असू शकतो.

हा व्याधी काही व्यक्तींनाच का गाठतो, याविषयी गेल्या दीड दशकात जनुकशास्त्राने महत्त्वाची माहिती पुढे आणली आहे. ती माहिती आणि तिचा आपल्या दैनंदिन व्यवसायाशी असलेला संबंध वैद्यबंधूंपुढे व औषधालयचालकांपुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

व्याधीची ओळख

अतिअवटुता आणि लुळेपणा यांच्या साहचर्याची पहिली नोंद १९०२ साली रोझेनफेल्ड यांनी केली. पुढे जपान, चीन, हाँगकाँग, तैवान, थायलंड, फिलिपाइन्स येथून असे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले गेले. १९५७ मध्ये ओकिनाका व सहकाऱ्यांनी जपानमधील अतिअवटुतेच्या रुग्णांचा आढावा घेतला. त्यांत हे प्रमाण १.९ टक्के आढळले. पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या मोजल्या तेव्हा मात्र पुरुषांत ८.२ टक्के आणि स्त्रियांत अवघे ०.४ टक्के असे अंतर दिसले. १९६७ मध्ये मॅकफॅड्झिअन व युंग यांनी हाँगकाँगमधील रुग्णांबाबत जवळजवळ हेच सांगितले : एकूण १.८ टक्के, पुरुषांत १३ टक्के, स्त्रियांत ०.१७ टक्के. उत्तर अमेरिकेत हेच एकूण प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या घरात आहे.

या आकड्यांत दोन कोडी दडलेली आहेत. पहिले असे की, अतिअवटुता स्त्रियांत कितीतरी अधिक आढळते. तरीही तिच्यातून उद्भवणारा लुळेपणा मात्र मुख्यत्वे पुरुषांचा, त्यातही २० ते ४० वयोगटातील पुरुषांचा आहे. दुसरे असे की, तोच ग्रंथिविकार असूनही पूर्व आशियातील रुग्णास धोका पाश्चात्त्य रुग्णाच्या सुमारे दहापट. केवळ ग्रंथीची अतिक्रियाशीलता हे कारण असते तर ही तफावत दिसली नसती. कारणाचा दुसरा धागा रुग्णाच्या घडणीतच असला पाहिजे, ही शंका म्हणून फार जुनी आहे.

तथापि हा केवळ पूर्व आशियाचा व्याधी आहे असे मानणे चूक ठरेल. लॅटिन अमेरिकेतून, युरोपातून आणि आपल्या भारतातूनही याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. आपल्याकडे पोटॅशिअम घटून आलेल्या लुळेपणाची कारणे शोधताना मूत्रपिंडाच्या नलिकांचे विकार आणि अतिअवटुता ही दोन्ही नावे यादीत ठेवावीच लागतात.

पोटॅशिअम जाते कोठे?

शरीरातील पोटॅशिअमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते आणि त्याचा मोठा साठा स्नायूंत असतो. रक्तरसातील पातळी सामान्यतः ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलीटर एवढीच. झटक्याच्या वेळी ती बहुधा ३ च्या खाली, कधी २ च्याही खाली जाते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हे पोटॅशिअम शरीराबाहेर गेलेले नसते. ते रक्तातून स्नायुपेशींत शिरलेले असते. धान्य बाजारातून नाहीसे झाले म्हणजे गावातून गेले असे नव्हे. ते कोठारात कोंडलेले असू शकते. हा भेद पुढे चिकित्सेत निर्णायक ठरतो.

पेशीच्या आवरणावर सोडिअम बाहेर टाकून पोटॅशिअम आत ओढणारा एक पंप असतो. थायरॉईड संप्रेरक या पंपांची संख्या व कार्य दोन्ही वाढविते. इन्शुलिन त्यास चेतविते. म्हणून गोड व पिष्टमय आहाराच्या भरपेट जेवणानंतर काही तासांत झटका येतो. अॅड्रेनलिनसारखी द्रव्येही त्यास चेतवितात. म्हणून मानसिक ताणानंतरही तो येऊ शकतो. पुरुषसंप्रेरकेही पंपास चालना देतात; पुरुषांतील आधिक्याचे हे एक कारण मानले जाते. व्यायाम चालू असताना स्नायूंतून पोटॅशिअम बाहेर येत राहते आणि विश्रांती घेताच ते आत परतते. म्हणून अतिश्रमानंतरच्या विश्रांतीत, रात्री किंवा पहाटे पाय गळून पडतात. मद्यपानाचाही इतिहास अनेकदा मिळतो. पूर्व आशियातील नोंदींत उन्हाळ्यात झटके अधिक आढळतात.

परंतु पंप चेतला तरी निरोगी पेशीत त्याचा तोल सांभाळणारी व्यवस्था असते. पोटॅशिअमला बाहेर झिरपू देणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या स्नायूच्या आवरणात असतात. पंपाने आत ओढलेले पोटॅशिअम या वाटेने परत येते. इन्शुलिन व अॅड्रेनलिन या वाहिन्यांचा बहिर्मार्ग काहीसा आवळतात. त्यातच एखाद्याच्या वाहिन्या जन्मतःच उण्या असतील तर? पंप जोरात आणि परतीची वाट अरुंद, अशा स्थितीत पोटॅशिअम पेशीत कोंडले जाते, आवरणावरील विद्युत्स्थिती बिघडते, आणि चेतातंतूकडून संदेश येऊनही स्नायू आकुंचन पावत नाही. नस शाबूत, मेंदू शाबूत, तरी पाय निश्चल. असा हा प्रकार आहे.

जनुकीय शोधांची वाटचाल

परतीच्या वाटेवरील हा संशय २०१० मध्ये दृढ झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील लुई प्टासेक यांच्या गटाने केसीएनजे-१८ नावाच्या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. हे जनुक 'किर २.६' ही पोटॅशिअम वाहिनी घडविते. ती कंकालस्नायूंत आढळते आणि थायरॉईड संप्रेरक तिच्या निर्मितीचे नियमन करते. म्हणजे ग्रंथीचा आणि स्नायूचा दुवा एकाच ठिकाणी सापडला. हे जनुक तोवर दृष्टीस पडले नव्हते, याचे कारण त्याची अक्षररचना शेजारच्या दुसऱ्या एका जनुकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

या गटाने अमेरिका, ब्राझील, फ्रान्स येथील रुग्णांत पाहिले तेव्हा सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या केसीएनजे-१८ मध्ये बदल आढळले. सिंगापूरच्या रुग्णांत ते सुमारे एकचतुर्थांशांत होते. परंतु हाँगकाँगच्या ८३ रुग्णांत ते केवळ एकात सापडले आणि थायलंडच्या रुग्णांत एकातही नाही. जेथे हा व्याधी सर्वाधिक, तेथेच हे जनुक जवळजवळ निर्दोष! तैवानमधील संशोधनात २०११ साली आणखी एक गोष्ट दिसली : या जनुकातील बदल अतिअवटुता नसलेल्या, पण तसाच लुळेपणा येणाऱ्या काही रुग्णांतही होते. एकच जनुक सापडले की व्याधी उलगडला, ही अपेक्षा अशा रीतीने फोल ठरली.

२०१२ मध्ये हाँगकाँग आणि थायलंड येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे संपूर्ण जनुकसंच चाळण्याची पद्धत अवलंबिली. दोन्ही शोधांचा निर्देश एकाच ठिकाणाकडे झाला : सतराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एक छोटा प्रदेश. त्याच्या शेजारी केसीएनजे-२ हे जनुक आहे. तेही पोटॅशिअम वाहिनीचेच जनुक. त्यातील तीव्र दोषामुळे अँडरसन-ताविल सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक व्याधी होतो आणि त्यातही आवर्ती लुळेपणा हे लक्षण असते. हाँगकाँगच्या अभ्यासात अतिअवटुता असूनही लुळेपणा नसलेल्या रुग्णांशीही तुलना करण्यात आली. तेव्हा हा फरक अतिअवटुतेचा नसून लुळेपणाचाच असल्याचे दिसून आले. असा बदल असणाऱ्यास धोका सुमारे तिपटीने वाढतो. मात्र हा बदल अगणित निरोगी लोकांतही असतो आणि त्यांना आयुष्यभर काहीही होत नाही.

येथे दोन व्याधींची गल्लत टाळणे आवश्यक आहे. कुलपरंपरेने येणारा, पोटॅशिअम घटून होणारा आवर्ती लुळेपणा हा वेगळा विकार आहे. स्नायूंतील कॅल्शिअम वाहिनीच्या जनुकातील दोष १९९४ मध्ये त्याचे कारण म्हणून सिद्ध झाला. काही कुटुंबांत सोडिअम वाहिनीचा दोष असतो. तो पित्याकडून वा मातेकडून अपत्यांत सरळ उतरतो, बहुधा किशोरवयापूर्वी किंवा किशोरवयातच सुरू होतो, आणि त्यात थायरॉईडचे कार्य प्राकृत असते. अतिअवटुतेतील लुळेपणा बहुतांशी एकट्यादुकट्यास होतो, कुटुंबात त्याचा इतिहास क्वचितच मिळतो. कुलज प्रकारात वापरले जाणारे अॅसिटाझोलामाइड हे औषध येथे अपायकारक ठरू शकते. यास्तव 'दोन्ही एकच' असे समजून चालत नाही.

हेतुविचाराच्या दृष्टीने

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असा सूक्ष्म विचार मांडला आहे. जनुक म्हणजे बीजभागावयव, असे समीकरण मांडून मोकळे होण्याचा मोह आपणांस होतो. तो आवरणे बरे. कारण अशा समीकरणाने रुग्णाचा काही लाभ होत नाही. लाभ होतो तो हेतुविचाराच्या पद्धतीचा. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत विजयरक्षितांनी हेतूंचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी आणि प्राधानिक असे भेद विवरिले आहेत. तसेच उत्पादक व व्यंजक असाही भेद केला आहे. व्यभिचारी हेतू म्हणजे स्वबळावर व्याधी उत्पन्न करण्यास असमर्थ असा दुर्बल हेतू.

वर वर्णिलेला जनुकीय बदल हा याच जातीचा मानावा लागेल. एकटा असता तो काहीच करीत नाही. अतिअवटुता जडली की त्यास बळ मिळते. आणि भरपेट मिष्टान्न, अतिश्रमानंतरची विश्रांती, मद्य, ताण हे व्यंजक हेतू त्या संयोगास प्रकट करतात. तिन्ही एकत्र आले तर झटका. मधली अतिअवटुता काढून घेतली तर बीजातील उणीव तशीच राहूनही झटके थांबतात. बीज बदलता येत नाही, पण व्याधी टाळता येतो, हा या संशोधनाचा चिकित्सकास उपयोगी असा सारांश होय. म्हणूनच रुग्णाची जनुकीय तपासणी करून घेण्याची नित्य व्यवहारात गरज पडत नाही. गरज असते ती पोटॅशिअमची आणि थायरॉईडची.

अत्यग्नीची चिकित्सा आणि येथील धोका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता मांडावयाचा आहे. अतिअवटुतेचा रुग्ण झटका येण्यापूर्वी अनेकदा आपल्याचकडे येऊन गेलेला असतो. त्याची तक्रार काय असते? भूक फार, खाल्लेले लगेच पचते, तरी अंगास लागत नाही, वजन घटते, घाम फार, उकाडा सोसत नाही, छातीत धडधड, हात कापतात, झोप उणी, चिडचिड. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात वर्णिलेल्या अत्यग्नीशी, उत्तरकालीन ग्रंथांतील भस्मकाशी, या चित्राचे साम्य कोणाही वैद्यास जाणवेल. त्या अध्यायातील चिकित्सा आपणां सर्वांस पाठ आहे : गुरू, स्निग्ध, शीत, मधुर, कफकर अन्न पुन्हापुन्हा द्यावे, पायसादी द्यावे, आणि जेवून दिवसा झोपावे.

आता हीच योजना आवर्ती लुळेपणाच्या दृष्टीने वाचून पाहावी. गोड व पिष्टमय पदार्थांचे जड भोजन आणि त्यामागोमाग विश्रांती, हेच या व्याधीचे सर्वांत प्रसिद्ध व्यंजक हेतू आहेत. शास्त्राचा दोष नाही. शास्त्राने अत्यग्नीसाठी सांगितलेली चिकित्सा आपण ग्रंथिविकाराची खातरजमा न करता लागू केली, तर दोष आपला. शतावरी कल्प, च्यवनप्राश, साखरपाकातील अवलेह, दुधातून खडीसाखर, खीर अशी बृंहण योजना कृश तरुणास आपण सहज लिहून देतो. साधारण कृश मनुष्यास ती हितकर असेल. परंतु ज्याची नाडी स्वस्थ बसलेली असतानाही मिनिटाला शंभराच्या वर आहे, ज्याचे पसरलेले हात सूक्ष्म कापतात, ज्याचा गळा किंचित भरलेला वा डोळे विस्फारलेले दिसतात, त्यास प्रथम थायरॉईडची तपासणी, आणि त्यानंतरच आहारयोजना, हा क्रम कधीही मोडू नये.

अडचण अशी की, या रुग्णांत अतिअवटुतेची लक्षणे पुष्कळदा सौम्य असतात आणि अनेकांत लुळेपणा हेच पहिले ठळक लक्षण ठरते. म्हणून पूर्वरूपांची चौकशी हवी. 'पूर्वी कधी पहाटे मांड्या जड पडल्या होत्या काय? जिना चढताना पाय एकाएकी गळाले होते काय? पोटऱ्यांत गोळे, अंग आंबणे असे काही?' हे तीन प्रश्न विचारण्यास एक मिनिटही लागत नाही.

ऊरुस्तंभ की वातव्याधी?

मांड्या जड, निश्चल, जणू दुसऱ्याच्या असाव्यात अशा. हे वर्णन ऊरुस्तंभाचे स्मरण करून देते. चरकसंहितेत वातव्याधीच्या लगेच आधी, चिकित्सास्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, ऊरुस्तंभाचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि त्यात स्नेहन व शोधनकर्मे वर्ज्य सांगितली आहेत. पाय गळाले म्हणजे वात, आणि वात म्हणजे तेल-बस्ती, या सरधोपट विचाराला आचार्यांनीच तेथे लगाम घातला आहे. आधुनिक व्याधीस ऊरुस्तंभाचे नाव देण्याची आवश्यकता नाही. पण सारखे दिसणारे दोन लुळेपणे विरुद्ध चिकित्सेचे असू शकतात, हा त्या अध्यायाचा धडा येथे अक्षरशः लागू पडतो.

पोटॅशिअम आधीच घसरलेल्या रुग्णास वमन-विरेचन देणे म्हणजे उरलासुरला साठाही वाहू देणे. अभ्यंग-स्वेदनाने थेट अपाय न झाला तरी मोलाचे तास जातात.

भेद ओळखण्यास आपली नेहमीची परीक्षाच साहाय्यक आहे. पक्षाघातात एक बाजू जाते; येथे दोन्ही पाय, तेही मांड्यांपासून अधिक. मेंदूच्या विकारात शुद्ध, वाणी, संवेदना यांत बिघाड असू शकतो. येथे त्या अबाधित असतात. गिया-बारे विकारात दुर्बलता दिवसागणिक चढत जाते. येथे ती काही तासांत पूर्ण होते. गुडघ्यावर हातोडीचा हलका ठोका दिला असता प्रतिक्षेप मंद वा लुप्त असतो. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे नाडी. लुळ्या पडलेल्या, अंथरुणावर निश्चल असलेल्या रुग्णाची नाडी द्रुत व भरलेली लागली, तर वैद्याने थायरॉईडचे नाव प्रथम उच्चारावे. कुलज प्रकारात ती अशी द्रुत नसते. नाडीपरीक्षेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वर्गाकडून ही खूण निसटणे शोभणारे नाही.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधालयचालकांची भूमिका येथे वैद्यांइतकीच महत्त्वाची आहे. 'थायरॉईडचे आयुर्वेदिक औषध द्या,' अशी मागणी गल्ल्यावर रोज येते. ग्राहकाच्या बोलीत 'थायरॉईड' हा एकच आजार असतो. ग्रंथी मंद आहे की अतिक्रियाशील, हे विचारल्यावाचून औषधाचा डबा काढू नये.

अश्वगंधेचे उदाहरण घ्यावे. मंद ग्रंथीच्या सौम्य अवस्थेतील रुग्णांवर आपल्याच देशात झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, रोज ६०० मिलिग्रॅम अश्वगंधामूळ अर्क आठ आठवडे दिला असता थायरॉईड संप्रेरकांची पातळी वाढली. अश्वगंधा सेवनानंतर अतिअवटुता आढळल्याची रुग्णवृत्तेही प्रसिद्ध झाली आहेत. मंद ग्रंथीच्या रुग्णास जे उपकारक वाटते तेच अतिक्रियाशील ग्रंथीच्या रुग्णास अपायकारक ठरू शकते. 'बलकारक आहे, अपाय काय होणार' असे म्हणून कृश, धडधड होणाऱ्या तरुणास अश्वगंधा चूर्ण देणे म्हणूनच युक्त नव्हे. सागरी शैवालयुक्त कॅप्सूल आयोडिनाच्या आधिक्यामुळे ग्रंथीस चेतवू शकतात, हेही ध्यानात असावे.

वजन उतरविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, घटकांचा पत्ता नसलेल्या पुड्या व गोळ्या हा अधिक गंभीर विषय आहे. त्यांत थायरॉईड संप्रेरक मिसळलेले असेल तर ग्रंथी निरोगी असूनही शरीरात अतिअवटुता उत्पन्न होते; अशा गोळ्यांनंतर आवर्ती लुळेपणा आल्याची रुग्णवृत्ते उपलब्ध आहेत. वेदनाशामक पुड्यांत चोरून मिसळलेले स्टेरॉइडही झटक्यास निमित्त होऊ शकते. दम्यासाठी घेतलेल्या सालब्युटामॉलसारख्या औषधांनी पोटॅशिअम पेशींत शिरते. इफेड्रिनयुक्त सोमकल्पांचाही याच दृष्टीने विचार करावा. ज्या मालाच्या वेष्टनावर घटकांची पूर्ण यादी, परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नाही, तो माल दुकानात ठेवू नये.

यष्टिमधूचा उल्लेखही आवश्यक आहे. दीर्घकाळ, अधिक मात्रेत घेतलेल्या यष्टिमधूने मूत्रावाटे पोटॅशिअम वाहून जाते, रक्तदाब वाढतो, आणि लुळेपणा येऊ शकतो. येथे थायरॉईडचा संबंध नसतो. भेद मूत्रपरीक्षेत स्पष्ट होतो : अतिअवटुतेतील झटक्यात मूत्रातील पोटॅशिअम अल्प असते, कारण ते पेशींत कोंडलेले असते, यष्टिमधुजन्य विकारात व मूत्रपिंडाच्या विकारांत ते अधिक असते. म्हणून रुग्णास रुग्णालयात धाडताना तो घेत असलेल्या सर्व औषधांची, चूर्ण-काढ्यांसह, यादी चिठ्ठीवर लिहून द्यावी. ही यादी लपविण्यात आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा राहत नाही. ती देण्यात राहते.

आत्ययिक अवस्थेत कर्तव्य

लुळा पडलेला रुग्ण समोर असता पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. ग्लुकोजयुक्त सलाईन लावू नये. ग्लुकोज पावडरीचे पाणी, साखरेचे सरबत पाजू नये. त्यांनी इन्शुलिन वाढून पोटॅशिअम आणखी आत ओढले जाते आणि लुळेपणा बळावतो. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' हा आपल्याकडील सार्वत्रिक आग्रह येथे थेट घातक आहे.

२. लुळेपणा उतरू लागला तरी रुग्णास रुग्णालयात पाठवावेच. झटका चालू असतानाच घेतलेले रक्तातील पोटॅशिअम आणि हृदयालेख यांनी निदान पक्के होते. उतरल्यावर पोटॅशिअम प्राकृत येते व पुरावा नाहीसा होतो. टीएसएच, टी-३, टी-४ या तपासण्या मात्र नंतरही निदान देतात.

३. श्वास लागणे, गिळण्यास त्रास, आवाज क्षीण होणे, नाडी अनियमित लागणे यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

४. पोटॅशिअमची पूर्ती आपल्या स्तरावर अंदाजाने करू नये. साठा शरीरातच असल्यामुळे झटका उतरताना तो रक्तात परततो. बाहेरून अधिक दिलेले असेल तर पातळी धोकादायक रीतीने वर जाते. म्हणून रुग्णालयात ते हृदयालेखाच्या देखरेखीखाली बेताने देतात. पहिल्या २४ तासांत ९० मिलिमोलपेक्षा अधिक दिल्यास हा उलट धोका वाढतो. प्रोप्रॅनोलॉल हे औषध पंपाची चेतना शमवून झटका आवरण्यास साहाय्य करते, परंतु दम्याच्या रुग्णास ते वर्ज्य आहे.

झटका ओसरल्यावरची खरी चिकित्सा ग्रंथीची. कार्बिमॅझोलसारखी औषधे, किरणोत्सारी आयोडिन किंवा शस्त्रकर्म यांपैकी योग्य उपायाने संप्रेरके प्राकृत झाली की झटके थांबतात. मधल्या काळात नित्य पोटॅशिअम घेऊन झटके टळत नाहीत. या काळात वैद्याचे कार्य मोठे आहे : मिताहार, रात्री हलके जेवण, मिष्टान्न व मद्य यांचा त्याग, अतिश्रमांस आवर, निद्रेचे नियमन. मात्र 'त्या गोळ्या बंद करा, आमचे औषध पुरेसे आहे' असे सांगण्याचे साहस कोणीही करू नये. गोळ्या सोडलेल्या रुग्णाची अतिअवटुता परतते आणि तिच्या पाठोपाठ पहाटेचा लुळेपणाही. कुटुंबातील दुसऱ्या पुरुषास अतिअवटुता असल्याचे कळल्यास त्यासही ही पथ्ये व खुणा सांगून ठेवाव्यात.

समारोप

जनुकशास्त्राने या व्याधीत जे शिकविले ते आपल्या परंपरेस परके नाही. प्रत्येक रुग्णाची घडण निराळी असते आणि एकच हेतू एकास अपाय करतो, दुसऱ्यास करीत नाही, हे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. नवीन आहे ती त्या घडणीची सूक्ष्म ओळख, आणि तिने दाखविलेली एक मोजता येणारी खूण : रक्तातील पोटॅशिअम. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते आणि तिचा खर्च रुग्णास परवडणारा असतो.

मिष्टान्नानंतरच्या पहाटे पाय गळालेला तरुण दाराशी आला, तर तेलाची वाटी बाजूस ठेवून प्रथम त्याची नाडी मोजावी, गळा पाहावा आणि रक्ततपासणीसाठी त्यास रुग्णालयात धाडावे. तो स्वतःच्या पायांनी परत येईल तेव्हा पथ्यापथ्याचा सल्ला देण्यास आपण आहोतच.